गुरुवारचं पाणी

माझ्या भाचीची मुलगी औषधशास्त्र शिकते. परवा माझ्या गुडघ्याच्या इंजेक्शनची रिकामी बाटली घेऊन ती शेजारी बसली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवू लागली. औषध इतकं इतकं, आणि मग खाली एका ओळीत बाकीचं: पाणी, मीठ, टिकावं म्हणून घातलेलं कसलं तरी द्रव्य. "हे बाकीचे नुसते सोबतीला असतात गं आज्जी, त्यांना काम काही नसतं," ती म्हणाली. मी तिच्यावर उगाचच खेकसले. पोरगी हिरमुसली आणि उठून गेली. तिची काही चूक नव्हती. पण त्या बाकीच्या ओळीवर एका माणसानं उभा जन्म काढला होता आणि त्या ओळीपायीच तो बदनाम झाला. त्यात माझा हात होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुमिंगदादा उत्तनचे. लढाई सुरू झाली त्या सुमारास मी भाईंदरच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले, तेव्हा ते तिथे कंपाउंडर होते. उंच, वाळलेले, डोक्याला काळी टोपी, अंगात कोपरापर्यंत दुमडलेला सदरा. औषधांच्या खोलीत ते पायात काही घालत नसत आणि दुसऱ्यालाही घालू देत नसत. त्यांच्या बायकोचं नाव मोनीन. ती नवऱ्याला तोंडावर सुका बोंबील म्हणायची आणि त्यावर ते खूश व्हायचे. तरुणपणी मुंबईच्या एका इस्पितळात, जिथे सलाईन तयार व्हायचं त्या खोलीत, त्यांनी आठ-दहा वर्षं काढली होती. तिथल्या कुणा म्हाताऱ्या रसायनवाल्यानं त्यांना जे शिकवलं ते त्यांनी गळ्यातल्या क्रुसासारखं सांभाळलं.

मी भाईंदरजवळच्याच मोरव्याची. माझे वडील हरभाऊ पाटलांच्या मिठागरावर राबायचे. सोळाव्या वर्षी विधवा होऊन घरी परतले, तेव्हा एका मावशीनं मला हट्टानं मुंबईला सुईणपणाच्या शिक्षणाला धाडलं, म्हणून मी नर्स झाले. दवाखान्यात मला सगळे 'बाय' म्हणत. आमच्याकडे बाईमाणसाला मान द्यायचा तर असंच म्हणतात. दुमिंगदादाही म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडून ते मला फार बरं वाटायचं. माहेरी मी कुणाच्याच लेखी काही उरले नव्हते.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुईतल्या औषधाचा धडा दिला. तो पुढे मी शंभर वेळा ऐकला. भाईंदरच्या खाडीत तेव्हा वसईच्या बाजूला जायला तर, म्हणजे उतारूंची होडी, होती. खिडकीतून ती दाखवून ते म्हणाले, "उतारू एक असतो, होडी केवढी असते. लोक इचारतात, सुईत काय हाय? कशात हाय, ते कोन इचारत न्हाय. होडी फुटली तर उतारू काय करील?" त्यांच्या लेखी औषध म्हणजे उतारू. पाणी, मीठ, तेल, काच, बूच ही सगळी होडी. उतारूची काळजी घ्यायला डॉक्टर समर्थ होते. दुमिंगदादा होडीचे.

आणि होडीवर त्यांचा जीव होता. नवी काचेची बाटली आली की ती तीन वेळा पाण्यात शिजवायचे, कारण नवी काच पाण्यात उतरते असं त्यांचं म्हणणं. तेलातलं इंजेक्शन असलं तर ती कुपी आधी काखेत धरून बसायचे. थंड तेल दाट असतं, ते दंडात शिरताना माणूस कळवळतो. काखेत कुपी धरून दुसऱ्या हातानं ते हिशेबाच्या पाटीवर मिठाचं वजन मांडत, आणि बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसत. ते ढिम्म असायचे.

पण खरा जीव पाण्यावर. दवाखान्याच्या मागच्या पडवीत त्यांची तांब्याची भट्टी होती. ती त्यांच्या आजोबांची. आजोबा तिच्यात काय काढत ते उत्तनात कुणाला सांगावं लागत नव्हतं. नातवानं तिला आतून कल्हई करून घेतली आणि तिच्यात वाफेचं पाणी काढायला लागला. दर तीन महिन्यांनी वसईहून कल्हईवाला यायचा आणि दादा त्याच्या डोक्यावर उभे राहायचे, कारण कल्हई झिजली की पाण्यात तांबं उतरतं.

या भट्टीपायी एकदा आबकारीचा अधिकारी दोन शिपाई घेऊन दवाखान्यात आला. दारूबंदीचा जोर होता आणि कुणीतरी चुगली केली होती. नळीतून थेंब थेंब पडत होते, अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं बोट लावून चाखलं, मग पेलाभर घेऊन घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. याला तर काही चवच नाही, तो म्हणाला. दादा अदबीनं म्हणाले, "सुईला तीच चव लागते, सायेब." त्या दिवशी ते दिवसभर शीळ घालत होते. मी त्यांना असं फारदा पाहिलं नाही.

काढलेलं पाणी कितीही असो, ते त्या दिवसापुरतं. त्याचंच सलाईन, त्यातच पावडरी विरघळवायच्या. संध्याकाळी उरलेलं सगळं मागच्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतून टाकायचं. चूक होऊ नये म्हणून बाटलीच्या गळ्याला ते रोज धागा बांधत. मोनीनच्या जुन्या लुगड्यांच्या काठातून ओढून काढलेले धागे, वाराला एक रंग. सोमवार पिवळा, मंगळवार हिरवा, असं. गुरुवार निळा, शुक्रवार लाल. धागा आजचा नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही.

मला ते सहन व्हायचं नाही, हे इथेच सांगून टाकते. आमच्याकडे होळी उलटली की विहिरी मचूळ होत. गावामागच्या डोंगराच्या पायथ्याची एक तेवढी गोडी राहायची आणि अख्खा गाव तिच्यावर. लहानपणी माझ्या हातून तांब्याभर पाणी सांडलं तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. ज्या पाण्यासाठी बाया उन्हात मैलभर हंडे वाहतात, त्याच पाण्याची आधी लाकडं जाळून वाफ करायची, वाफेचं पुन्हा पाणी करायचं आणि ते शेवग्याला घालायचं. मी त्यांना विचारलं, पुन्हा उकळलं तर नाही का चालणार? उकळल्यावर कुठला जंतू राहतो?

"जंतू मरतो," ते म्हणाले. "पन त्याचं मढं पान्यातच रहतं. ते उकलून जात न्हाय, गालून जात न्हाय. पोटात गेलं तर काय न्हाय. रगतात गेलं की अर्ध्या तासात हुडहुडी." मग त्यांनी मला त्यांची परीक्षा सांगितली. एकाला थंडी वाजली तर रोग समजायचा. एकाच पाण्यावरच्या दोघांना वाजली तर पाणी. मी मान डोलावली. कळलं मला, पण पटलं नाही. जे दिसत नाही, वासाला येत नाही, चवीला लागत नाही, त्याच्यासाठी गोडं पाणी ओतणं माझ्या हाडात बसत नव्हतं. ते स्वतः मात्र ते पाणी कधी प्यायले नाहीत. सगळा उन्हाळा दवाखान्याच्या विहिरीचं मचूळ पाणीच प्यायचे.

हरभाऊ पाटलांशी त्यांचं वाकडं आलं ते मिठावरून. पाटील मनानं मोठा माणूस. आपल्या मिठागरातलं निवडक, पांढरंशुभ्र मीठ त्यांनी गोणीभर दवाखान्याला दिलं. दर वर्षी देईन म्हणाले. सलाईनला मीठ लागतं आणि ते मुंबईहून तपकिरी बाटल्यांतून येतं, हे त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि मिठाच्या गावात मीठ बाहेरून यावं याचा त्यांना अपमान वाटला होता. दादांनी गोणी ठेवून घेतली आणि वापरली नाही. पाटलांना कळलं तेव्हा ते पावसाळ्यात स्वतः जाब विचारायला आले. दादांनी फळीवरून दोन काचेच्या बरण्या उतरवल्या. एकीत मुंबईचं मीठ, कोरडं. दुसरीत पाटलांचं, आणि तिच्या तळाशी बोटभर पाणी साचलेलं. या मिठात आणखी काही आहे, ते हवेतलं पाणी ओढतं आणि चवीला कडवट असतं, असं दादा समजावू लागले. पाटलांनी ऐकून घेतलं नाही.

"म्हंजे माझा मीठ खोटा?"

"जेवायला खरा, पाटील. सुईत न्हाय."

आमच्या लोकांत मिठाला नाव ठेवणं म्हणजे माणसाच्या जातकुळीला नाव ठेवणं. पाटील पायऱ्या उतरून निघून गेले. माझे वडील त्या रात्री जेवले नाहीत. तुझा तो कंपाउंडर आम्हाला रस्त्यावर आणेल, एवढंच म्हणाले.

लढाईची मधली वर्षं होती. रॉकेल नाही, लाकडं महाग, कोळसा कुठे दिसायचा नाही. आणि त्या उन्हाळ्यात कॉलरा आला. डॉक्टर वसईहून आगगाडीनं रोज येऊ लागले. दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा टाकल्या. दादा पहाटे येऊन भट्टी लावत आणि दिवसभर बाटल्या भरत. त्यांच्या सलाईननं मी मेलेली माणसं उठताना पाहिली आहेत, हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. हातापायाला गोळे आलेले, डोळे खोल गेलेले, नाडी लागत नाही, आणि बाटलीभर मीठपाणी शिरेत गेलं की माणूस पाणी मागायचा. औषध म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. नुसती होडीच होती.

तो आठवडा त्यांच्या सणाचा. गुरुवारी दुपारपासून पेशंट आला नाही, तेव्हा डॉक्टरांनीच दादांना सांगितलं की गुड फ्रायडेला घरी जाऊन या. जाताना त्यांनी मला दोन भरलेल्या बाटल्या दाखवल्या. निळा धागा. "बाय, ह्या सांजचे ओत. उद्या लागलं तर लाकडं ठेवलीत, भट्टी लावून घे." मी हो म्हटलं.

संध्याकाळी मी बाटल्या घेऊन शेवग्यापाशी गेले. त्याच दिवशी सकाळी डोंगराखालच्या विहिरीवर भांडण झालं होतं. एकीनं दुसरीचा हंडा ढकलला, हंडा फुटला, आणि ती बाई भिजलेल्या मातीवर पदर दाबून तो तोंडात पिळत होती. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी बूच काढलं, बाटली कलती केली, आणि माझा हात पुढे जाईना. बूच परत लावून बाटल्या फळीवर ठेवल्या. ओतायच्या असतील तर उद्याही ओतता येतील, असं मनाशी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी बैलगाडीतून चंपाला आणलं. चंपा हरभाऊ पाटलांची सून. दोन महिन्यांपूर्वी तिचं बाळंतपण मीच केलं होतं, मुलगा झाला होता. तिच्यामागोमाग तरीवरच्या म्हाताऱ्या सोमाला त्याच्या लेकानं पाठीवर घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, सलाईन, लगेच. भट्टी लावून पाणी निघायला दीड-दोन तास लागले असते. चंपाकडे तेवढे नव्हते, निदान मला तसं वाटलं.

"पाणी आजचं आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजचं आहे," मी म्हटलं.

मी ते पाणी चांगलं खळखळ उकळलं. तपकिरी बाटलीतलं मीठ दादांच्या काट्यावर तोलून घातलं. गाळलं. सगळं त्यांनी शिकवलं तसं केलं. चंपाच्या शिरेत धार लागली तेव्हा तिच्या ओठांवर रंग आला आणि तिनं पोराचं विचारलं. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन पाटलांना सांगून आले.

अर्ध्या तासानं तिचे दात वाजायला लागले. दोन घोंगड्या घातल्या तरी खाट हलत होती. अंग भाजायला लागलं. डॉक्टर धावपळ करत होते, कॉलऱ्यात असंही होतं म्हणत होते. तेवढ्यात दुमिंगदादा आले. पाटलांची सून आणल्याचं कुणीतरी उत्तनला कळवलं होतं. ते देवळातून तसेच सायकलवर निघाले होते, काळ्या कोटावर धूळ होती. आल्याबरोबर त्यांनी चंपाच्या कपाळावर हात ठेवला. मग पलीकडे सोमाच्या खाटेशी गेले. सोमाही कुडकुडत होता.

ते औषधांच्या खोलीत आले. टेबलावर दोन रिकाम्या बाटल्या, गळ्याला निळा धागा. मी तो काढलाही नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कात्री घेऊन त्यांनी दोन्ही धागे कापले आणि कोटाच्या खिशात टाकले.

चंपा दिवेलागणीला गेली. सोमा जगला. कॉलऱ्यानं गेली की पाण्यानं, हे कुणालाच छातीठोक सांगता आलं नसतं. डॉक्टर तर कॉलराच लिहायला बसले होते. दादांनी त्यांना थांबवलं. "पानी जुनं व्हतं, सायेब. गुरुवारचं. मी ते ओतलं न्हाय."

डॉक्टर म्हणाले, पण बाईंनी तर आजचं सांगितलं.

"नर्सला काय ठावं?" दादा म्हणाले. "हे पानी उद्याला चालंल, आजचंच धर, असं मी सांगून गेलो. तेच ती बोलली."

मी तिथे दारात उभी होते. मी तोंड उघडायला हवं होतं. बाहेर पाटील जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या मागे हात जोडून माझे वडील. मी वडिलांकडे पाहिलं आणि गप्प राहिले. भीती वाटली, दुसरं काही नाही. आणि त्या गडबडीतही एक गोष्ट माझ्या कानांनी टिपली की ते मला पहिल्यांदाच नर्स म्हणाले होते.

पाटलांनी आरडाओरडा केला नाही. सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशी ते आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "आमच्या मिठात खोट काढत व्हता. त्याचा पानी बघा." एवढं पुरलं. आठवड्यात दादांची नोकरी गेली. गावात पोरं त्यांच्या सायकलमागे ओरडायची ते मी इथे लिहीत नाही.

किल्ल्या द्यायला आले तेव्हा पडवीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, असं का केलंत. ते भट्टीची नळी पुसत होते. म्हणाले, "इथं बालंतपनं करनारी दुसरी कोन हाय? कंपाउंडर दहा मिलतील." मी रडायला लागले, मला माफ करा म्हटलं. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"माफी माझ्याकडं मागू नको. माझी नोकरी गेली. तिचं पोर दोन म्हयन्यांचं हाय."

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला सोसलं असतं. भट्टी त्यांनी नेली नाही, लोकांना लागेल म्हणाले. धाग्यांची गुंडाळीही फळीवर तशीच सोडली.

त्यानंतरची माझी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नवा कंपाउंडर आला, त्याला पाण्याचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून भट्टी मी लावायची. पहाटे उठून लावायची, धागा बांधायचा, संध्याकाळी शेवग्याला ओतायचं. लोक म्हणत, बाईला वेड लागलंय. ओतताना एक दिवस असा गेला नाही की खाटेचा तो आवाज मला आठवला नाही. चंपाचा मुलगा गावात मोठा होत होता. त्याला गोवर आला, खरूज झाली, पाय मोडला, सगळ्याला तो माझ्याकडेच यायचा. पाटील मला दिवाळीला लुगडं पाठवायचे. मी ते घेत असे. नाही घ्यावं तर का, ते सांगावं लागलं असतं.

दादा मला एकदा काशीमीऱ्याला दिसले. मी एका बाळंतपणाहून परत येत होते. घोडबंदरच्या रस्त्यावर तेव्हा पलटणीच्या ट्रकांची रांग असायची आणि नाक्यावर एक गॅरेज होतं. तिथे दारात डबे मांडून ते बसले होते. पत्र्याची लहानशी भट्टी करून ते ट्रकांच्या बॅटऱ्यांसाठी वाफेचं पाणी काढून विकत होते. मी बघत असतानाच त्यांनी एक अर्धा डबा उचलला आणि रस्त्याच्या कडेला ओतला. गॅरेजवाला हसत हसत म्हणाला, "चाचा, बैटरी को बुखार नहीं आता." आणखी दोघं हसले. दादांनी डबा पालथा घातला. मला पाहून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं हाय ना, नर्सबाई?" परक्या माणसाला विचारतात तसं. मी बरं आहे म्हटलं आणि चालू लागले.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मोनीनचा निरोप आला. दादांची छाती भरली होती. लढाईनंतर नव्यानं निघालेली पांढरी पावडर मुंबईहून मागवली होती. ती पाण्यात विरघळवून दर तीन तासांनी टोचायची. त्यांची पुतणी मुंबईत नर्स होती, ती संध्याकाळी पोचणार होती. तोवरचा दिवस मी काढावा, असं मोनीननं कळवलं होतं. दादांनी नाही, मोनीननं.

मी पहाटे त्यांच्याच भट्टीवर पाणी काढलं. एक बाटली भरली, धागा बांधला, आणि ती पोटाशी धरून बैलगाडीतून उत्तनला गेले. ते ओट्यावरच्या खाटेवर होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दिसत काहीच नव्हतं. गालफडं बसली होती. मोनीननं माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, इतकंच. मी सुया उकळल्या, पावडर काढली, बाटलीचं बूच उघडलं. त्या आवाजानं त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला.

"पानी आजचं?"

हाच प्रश्न होता, आणि उत्तरही तेच द्यायचं होतं. मी म्हटलं, "आजचं आहे."

"धागा कंचा?"

"लाल."

मग त्यांनी मोनीनला वार विचारला. शुक्रवार, ती म्हणाली. तेव्हा त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. सुई घातली तेव्हा ते हलले नाहीत. मग मी अर्धा तास त्यांच्या उशाशी बसून राहिले आणि त्यांच्या दातांकडे पाहत राहिले. त्यांना ते न दिसताही कळलं असावं. त्या अर्ध्या तासात तेही झोपले नाहीत. थंडी वाजली नाही.

दिवसभरात तीन वेळा टोचलं. मोनीननं मला भाकरी आणि कोलिम, म्हणजे बारीक जवळा, वाढला, मी जेवले. चारच्या सुमाराला पुतणी आली, तिचं पाणी तिच्याबरोबर होतं. मी माझं सामान आवरलं. बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी उरलं होतं. मी बूच घट्ट बसवलं आणि ती पिशवीत घालू लागले. परत गेल्यावर शेवग्याखाली ओतणारच होते, शपथेवर सांगते. पण पिशवीतल्या डब्यावर काच आपटून आवाज झाला आणि खाटेवरून ते म्हणाले,

"बाय, इथंच ओत."

मी पायऱ्या उतरून अंगणातल्या माडाच्या बुंध्याशी गेले आणि बाटली उपडी केली. मागे वळून पाहिलं तर ते कोपरावर कसेबसे उठून, मान तिरकी करून ऐकत होते. शेवटचा थेंब पडून आवाज थांबला, तेव्हा ते परत उशीवर टेकले.